मोहाची दारू

मोह या वृक्षाची (शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया, कुल सॅपोटेसी) वाळविलेली फुले पाण्यात आंबवून व त्या आंबवणाचे ऊर्ध्वपातन करून गाळलेले मद्य. मध्य भारतातील आदिवासी व ग्रामीण कुटुंबांत ते पूर्वापार घरीच तयार करण्यात येते. महाराष्ट्रात विदर्भ, ठाणे-पालघरचा डोंगरी भाग व सातपुड्याचा परिसर ही त्याची मुख्य क्षेत्रे होत. नागपूर–भंडारा रस्त्यावर कन्हान नदीकाठी वसलेले मौदा हे पूर्व विदर्भातील मोहफुलांच्या पट्ट्याच्या पश्चिम कडेस येते. तेथून उत्तरेस रामटेक-पारशिवनीची वने आणि पूर्वेस भंडारा, गोंदिया व गडचिरोली हे जिल्हे पसरले आहेत.

फुले व त्यांचा संग्रह : मोहाला मार्च-एप्रिलमध्ये पाने गळल्यावर झुपक्यांनी फुले येतात. त्यांचे पुष्पमुकुट फिकट पिवळसर, मांसल व गोड असून ते रात्री सुटून पहाटेपर्यंत जमिनीवर पडतात. ऊन चढण्यापूर्वी ते वेचावे लागतात. हे काम बहुधा स्त्रिया व मुले करतात. वेचणे सुलभ व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची प्रथा असून उन्हाळ्यातील वणव्यांचे ते एक कारण ठरते. फुले तीन-चार दिवस उन्हात वाळविली की तांबूस होतात आणि वर्षभर टिकतात. वाळलेल्या फुलांच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास भाग शर्करेचा असतो. तीत द्राक्षशर्करा व फळशर्करा प्रमुख आहेत. यामुळे मोहफूल हे मुळात अन्न होय. ते भाजून वा उकडून खातात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात आणि गुरांनाही घालतात. दुष्काळात या फुलांनी अनेक कुटुंबांना तारले आहे. मोहाची दारू ज्या पदार्थापासून निघते तो गरिबाच्या घरातील धान्याचाच पर्याय आहे, ही गोष्ट तिच्या अर्थकारणाचा विचार करताना लक्षात ठेवावी लागते.

किण्वन : फुले मातीच्या मडक्यात वा रांजणात भिजत घालतात, अलीकडे पत्र्याचे व प्लॅस्टिकचे पिंपही वापरले जातात. फुलांवर व जुन्या भांड्यांत असलेले नैसर्गिक यीस्ट शर्करेचे एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करते. फेस येऊन बुडबुडे निघू लागतात व आंबूस-गोड वास सुटतो. या आंबवणास विदर्भात सडवा म्हणतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत, तर थंडीत आठवडा वा अधिक काळाने बुडबुडे थांबतात व सडवा गाळण्यास योग्य होतो. तो फार काळ ठेवल्यास ॲसिटिक अम्ल तयार होऊन आंबट होतो. विक्रीसाठी गाळणारे किण्वनास जोर यावा म्हणून त्यात गूळ व नवसागर घालतात. जुन्या घरगुती पद्धतीत मात्र फुले व पाणी यांखेरीज बहुधा काही नसते.

धान्यापासून होणाऱ्या मद्यांशी तुलना केल्यास या पद्धतीचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. स्कॉटलंडमध्ये घरोघरी होणारे एल हे बीरच्या वर्गातील मद्य जवापासून करीत. जवात मुख्यतः स्टार्च असल्याने यीस्टला तो थेट आंबविता येत नाही. म्हणून जव भिजवून त्यास मोड आणतात व वाळवून त्याचे माल्ट करतात. भरडलेले माल्ट सु. ६५° ते ६८° से. तापमानाच्या पाण्यात ठेवले म्हणजे त्यातील एंझाइमे स्टार्चची शर्करा करतात. तो गोड द्राव गाळून, उकळून व निववून मग त्यात यीस्ट घालतात. हे सर्व टप्पे मोहाच्या बाबतीत झाडानेच पुरे केलेले असतात. उलटपक्षी एल आंबल्यावर तसेच पितात, तर मोहाचा सडवा पुढे चुलीवर चढतो.

ऊर्ध्वपातन : एथिल अल्कोहॉल सु. ७८° से.ला, तर पाणी १००° से.ला उकळते. या फरकामुळे सडवा तापविला असता आरंभी निघणाऱ्या वाफेत अल्कोहॉलाचे प्रमाण अधिक असते. सडव्याचे मडके तीन दगडांच्या चुलीवर ठेवून त्यावर दुसरे भांडे बसवितात व सांधे चिखलाने लिंपतात. एका पद्धतीत वाफ बांबूच्या नळीने थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात नेतात. दुसऱ्या पद्धतीत सर्वांत वरच्या भांड्यात थंड पाणी भरतात. त्याच्या बुडाला वाफ लागून तिचे थेंब होतात व ते आतील लहान भांड्यात जमतात. वरचे पाणी तापले की बदलावे लागते. ते किती वेळा बदलले यावरून अनुभवी व्यक्ती दारूची तीव्रता ओळखते. आरंभीचा अंश सर्वांत कडक असतो. मराठीत रूढ झालेला ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग यावरूनच आला आहे. थोडी दारू विस्तवावर टाकून ती भडकते का, हेही पाहतात.

इतिहास : संस्कृतात मोहास मधूक म्हणतात. मनुस्मृतीत गौडी, पैष्टी व माध्वी असे सुरेचे तीन प्रकार दिले आहेत. त्यांतील माध्वी ही मधूकपुष्पांची, असा अर्थ टीकाकार करतात. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणातील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. मद्याचा व्यवहार राज्याच्या ताब्यात ठेवूनही कुटुंबांना घरच्या कृत्यांसाठी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक तीत आहे आणि उत्सव, मेळे व यात्रा यांच्या वेळी चार दिवस मद्य गाळण्याची परवानगी द्यावी, असे सांगितले आहे. घरासाठी गाळणे व विक्रीसाठी गाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यामागे आहे.

ब्रिटिश अमदानीत हा भेद पुसट झाला. अबकारी हे महसुलाचे मोठे साधन बनल्याने घरगुती भट्टी ही सरकारी उत्पन्नातील गळती ठरली. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर १८९२ मध्ये खास मोहफुलांच्या नियंत्रणासाठी कायदा झाला. नागपूर ज्या मध्य प्रांतात होते, तेथे १९१५ चा अबकारी कायदा लागू झाला. ठेकेदाराच्या दुकानातील दारू वैध व घरची अवैध, अशी स्थिती यातून निर्माण झाली.

सामाजिक स्थान : गोंड व इतर आदिवासी समाजांत देवपूजा, नामकरण, सोयरीक, लग्न व मृत्यू या प्रसंगी मोहाची दारू लागते. पूर्वजांच्या व देवांच्या नावाने तिचे थेंब जमिनीवर सोडल्यावाचून विधी पुरा होत नाही. प्रसंग ठरलेले व फुलांचा साठा मर्यादित असल्याने पिण्यासही काही मर्यादा राहत असे. दारू विक्रीची वस्तू झाल्यावर ही मर्यादा उरली नाही. अनेक घरांत मजुरीचा मोठा हिस्सा गुत्त्यावर जाऊ लागला. त्याची झळ मुख्यतः स्त्रियांना बसली. दुसरीकडे, विधवा व भूमिहीन स्त्रियांना दारू गाळणे हेच उपजीविकेचे साधन असल्याचेही आढळते. धाडीत सापडतात त्या बहुधा अशाच व्यक्ती.

दारूबंदी व कायदा : मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) अन्वये परवान्यावाचून मद्य गाळणे हा गुन्हा असून त्यातून घरगुती उपयोगही सुटत नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून व गडचिरोलीत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. विदर्भातील व्यसनमुक्तीला धार्मिक प्रबोधनाचीही जोड मिळाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांनी भजनांतून दारूविरुद्ध लोकमत जागविले. महानत्यागी बाबा जुमदेवजी (१९२१–९६) यांच्या मानवधर्माच्या सेवकांचा आश्रम मौदा येथे असून व्यसनांचा त्याग ही या मार्गाची मूलभूत अट आहे. कायद्याच्या धाकाने जे साधले नाही ते अनेक कुटुंबांत अशा स्वेच्छेच्या प्रतिज्ञेने साधले.

पंचायत विस्तार अधिनियम, १९९६ अन्वये अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकार मिळाला. नागपूर जिल्हा या क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे मौद्यासारख्या तालुक्यातील ग्रामसभांना ही तरतूद लागू होत नाही. स्त्रियांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची, ‘आडवी बाटली’ या नावाने प्रसिद्ध असलेली पद्धत परवानाधारक दुकानांपुरतीच आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचा संग्रह व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. गाळण्यावरील बंदी मात्र कायम राहिली. नागपूर जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती दारू ठराविक मर्यादेत गाळण्याची सवलत आहे. सीमेच्या एका बाजूस रिवाज असलेले मडके दुसऱ्या बाजूस मुद्देमाल ठरते.

इतर देशांतही हा प्रश्न उद्भवला. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बीर करण्यास परवाना लागे. ती अट १९६३ मध्ये रद्द झाली व घरच्या वापरापुरते एल करणे मोकळे झाले. घरगुती ऊर्ध्वपातन मात्र तेथे आजही परवान्यावाचून करता येत नाही. गोव्यातील काजूफेणीस २००९ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले व तिला प्रादेशिक वारशाचा दर्जा लाभला. मोहाच्या दारूस महाराष्ट्रात असे स्थान नाही.

आरोग्य : कोणतेही मद्य नित्य घेतल्यास यकृत, जठर व मज्जासंस्था यांवर दुष्परिणाम होतात, मोहाची दारू याला अपवाद नाही. गाळताना तीव्रता मोजली जात नसल्याने मात्रेचा अंदाज चुकतो. शिसे असलेल्या डाखाची भांडी वापरल्यास शिशाची विषबाधा संभवते. विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटना मात्र वेगळ्या स्वरूपाच्या आहेत. मुंबईत विक्रोळी (२००४) व मालवणी (२०१५) येथे झालेले मृत्यू औद्योगिक मेथिल अल्कोहॉलामुळे झाले. हे द्रव्य फुलांच्या किण्वनातून अशा घातक प्रमाणात निर्माण होत नाही. स्वस्त नफ्यासाठी ते बाहेरून मिसळले जाते. मेथिल अल्कोहॉलाचे शरीरात फॉर्मिक अम्ल होऊन प्रथम दृष्टी जाते व पुढे मृत्यू ओढवतो. दृष्टी धूसर होणे, उलट्या व पोटदुखी ही लक्षणे दिसताच रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे लागते. वेळीच उपचार मिळाल्यास प्राण व दृष्टी वाचू शकतात.

मोहाच्या दारूविषयीचे धोरण ठरविताना विधीसाठी घरी गाळलेले मडके, पोटासाठी चालविलेली चूल आणि नफ्यासाठी चालणारा भेसळीचा अड्डा या तिन्हींना एकाच मापाने मोजणे ही मुख्य अडचण राहिली आहे. त्यांपैकी पहिल्याला समाजाची मर्यादा, दुसऱ्याला पर्यायी रोजगार व तिसऱ्याला कठोर शिक्षा लागू पडते. मोहफुलांपासून लाडू, सरबत, मुरंबा इ. पदार्थ करण्याचे बचत गटांचे प्रयत्न दुसऱ्या गरजेच्या दिशेने जाणारे आहेत. त्यांमुळे वेचणाऱ्या स्त्रीला फुलाची किंमत भट्टीवाचूनही मिळू शकते.