बुजलेला गोऱ्हा पुन्हां जुवाखालीं
यवतमाळकडील काळ्या जमिनींत वखर ओढतांना खांदा सुजलेला गोऱ्हा बरा झाल्यावरहि जूं दिसतांच बुजतो. हा आळस नव्हे; ती वेदनेची आठवण होय. बैलाला भोंवतालचें बहुतेक दिसतें, पण अगदीं पाठीमागचें दिसत नाहीं. म्हणून मागून बसलेला फटका त्याचें भय वाढवितो. प्रथम खांदा चाचपून पाहावा. दुखरा असल्यास थांबावें. मग शांत, जाणत्या बैलाशेजारीं, नेहमींच्याच बाजूला, नुसतें जूं ठेवून चालवावें, नंतर हलकें लाकूड ओढवावें, शेवटीं वखर. गोऱ्हा थकण्यापूर्वींच जूं उतरावें. पोळ्याच्या आदल्या दिवशीं हळद-लोणी लावून खांदे शेकण्याची चाल आहे. तोच मायेचा हात वर्षभर फिरला, तर ऐन पेरणींत जोडी अडून बसण्याचें भय उरत नाहीं.