मांडीवर सूप, शेजारी बाळ

सोलापूरच्या पूर्व भागात विडी मुख्यतः घरीच वळली जाते आणि वळतात त्या बायकाच. त्यांत तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबांतल्या पुष्कळ. तेंदूची पानं आणि तंबाखू कारखान्यातून आणायचा. पानं भिजवायची, कात्रीने मापात कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. म्हणजे बाळाला ताप आला की हात थांबतो आणि हात थांबला की मजुरीही. रांगतं मूल सुपाच्या हाताभर अंतरावर असतं. तंबाखूची धूळ मायलेकरांच्या छातीत सारखीच जाते. ही गोष्ट मजुरीच्या चर्चेत फार कमी येते आणि ती यायलाच हवी.

सोलापूरजवळच्या कुंभारीत २००६ साली किसान चळवळीच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत झाली. हक्काचं घर मिळालं, हे मोठंच काम. पण बाळाचा प्रश्न तसाच राहिला. १९६६च्या विडी कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं होतं. पाळणाघराची तरतूद मात्र कारखान्याच्या आवारापुरती. घरी वळणारीच्या बाळाला तिचा काहीच उपयोग नव्हता.