मदरबोर्ड आणि हौशी माणसाच्या सूचना

घरी संगणक जुळवणाऱ्या हौशी माणसाला मदरबोर्डमधील पहिली खोड आढळते ती बहुधा बोर्डाच्या खालच्या कडेला. कॅबिनेटच्या दर्शनी भागावरील चालू करण्याचे बटण, रीसेटचे बटण आणि दोन लहान दिवे यांच्या तारा तेथील नऊ बारीक पिनांवर एकेक करून बसवाव्या लागतात. दोन पिनांमधील अंतर जेमतेम 2.54 मिलिमीटर असते, दिव्यांच्या तारांची धन-ऋण बाजू सांभाळावी लागते आणि पिनांची नावे इतक्या लहान अक्षरांत छापलेली असतात की माहितीपुस्तिका उघडल्याखेरीज काम पुढे सरकत नाही. या सर्व तारांसाठी मिळून एकच जोडणी का नसावी, या प्रश्नाला कोणतेही तांत्रिक उत्तर नाही. अडचण आहे ती एवढीच, की कॅबिनेट एक कंपनी बनवते, बोर्ड दुसरी, आणि दोघींपैकी कोणीही एकटीने बदल केला तर तिचा माल दुसरीच्या मालाशी जुळत नाही.

मदरबोर्डाच्या रचनेविषयीच्या बहुतेक सूचना अखेर याच ठिकाणी येऊन अडतात. इंटेल कंपनीने 1995 मध्ये एटीएक्स नावाची जी मापपद्धती मांडली, तिने पूर्ण आकाराच्या बोर्डाची लांबी-रुंदी 305 × 244 मिलिमीटर ठरवली आणि त्याचबरोबर स्क्रूंच्या छिद्रांच्या, मागील जोडण्यांच्या आणि कार्डांच्या खाचांच्या, म्हणजे स्लॉटच्या, जागाही ठरवून दिल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांतून चार कंपन्यांचे भाग आणून संगणक उभा करता येतो, तो या जुन्या करारामुळेच. आणि सुधारणा रोखून धरणाराही तोच करार आहे.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण वीजपुरवठ्याचे आहे. संगणकातील एसएमपीएस, म्हणजे घरातील वीज कमी दाबाच्या एकदिश विजेत बदलणारा डबा, बोर्डाला 24 पिनांच्या जाडजूड जोडणीतून 3.3, 5 आणि 12 व्होल्ट असे निरनिराळे दाब पुरवतो. त्यांत उणे 12 व्होल्टचीही एक तार असते, जी जुन्या सीरियल पोर्टसारख्या, आता घरगुती संगणकांतून जवळपास नाहीशा झालेल्या गोष्टींसाठी होती. एकच दाब द्यावा आणि बाकीचे बोर्डावर तयार करावेत, ही हौशी कल्पना वाटते. प्रत्यक्षात इंटेलनेच एटीएक्स-12-व्हीओ या नावाने ती मांडली असून तिच्यात मुख्य जोडणी दहा पिनांवर येते. संगणकावर फारसा भार नसताना वाया जाणारी वीज त्यामुळे वाचते. तरीही सुट्या भागांच्या बाजारात ती रुजली नाही, कारण दाब बदलण्याचा खर्च एसएमपीएस बनवणाऱ्याकडून बोर्ड बनवणाऱ्याकडे सरकतो आणि ग्राहकाजवळचा जुना डबा निरुपयोगी ठरतो.

ग्राफिक्स कार्डाची तक्रारही अशीच साधार आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये हे कार्ड उभ्या बोर्डाला आडवे लटकते आणि त्याचा भार स्लॉट व मागची पत्र्याची पट्टी यांवर पडतो; एटीएक्स आखली गेली तेव्हाची कार्डे हलकी होती, आज दोन किलोच्या आसपास वजनाची कार्डे मिळतात आणि त्यांना खालून टेकू द्यावा लागतो. बोर्डाची मांडणी नव्याने करण्याचा मोठा प्रयत्न झालाही होता. पेन्टियम 4 प्रोसेसर फार तापू लागले तेव्हा इंटेलने बीटीएक्स ही मांडणी पुढे आणली, जिच्यात समोरून येणारा हवेचा झोत सरळ प्रोसेसरवरून मागे जावा अशी योजना होती. परंतु 2006 मध्ये कमी तापणारे कोअर 2 प्रोसेसर आले, मूळ गरजच ओसरली आणि इंटेलने या मांडणीतून अंग काढून घेतले. चांगली रचना केवळ चांगली आहे म्हणून टिकत नाही, हे मान्य करणे अभियंत्यांनाही जड जाते.

हौशी माणसाची सर्वांत आवडती सूचना मात्र निराळी आहे, आणि तिथे त्याचा अंदाज चुकतो. प्रोसेसर, रॅम आणि वीजनियंत्रक वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवून त्या हव्या तशा जोडाव्यात, म्हणजे एक भाग जुना झाला तरी सगळा बोर्ड टाकावा लागणार नाही, असे त्याचे म्हणणे असते. 1975 च्या अल्टेअर 8800 या संगणकात हे खरोखरच होते. शंभर तारांच्या सामायिक मार्गावर, म्हणजे बसवर, प्रोसेसरचेही वेगळे कार्ड बसत असे. पण त्या प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला वीस लाख ठोके देई आणि एका ठोक्याच्या अवधीत विद्युतसंकेत तांब्याच्या रेषेतून सुमारे 75 मीटर जाऊ शकत असे. आजची डीडीआर 5 रॅम प्रत्येक तारेवरून सेकंदाला सहा अब्ज बिट पाठवते, तेव्हा एका बिटाच्या वाट्याला येणाऱ्या वेळात संकेत अडीच सेंटिमीटरच सरकतो. म्हणूनच रॅम प्रोसेसरला खेटून असते आणि काही रेषा मुद्दाम नागमोडी आखलेल्या दिसतात. एकत्र निघालेले बिट एकत्रच पोहोचावेत यासाठी त्यांच्या लांबीचा हिशेब जुळवलेला असतो. मध्ये येणारी प्रत्येक सुटी जोडणी संकेत थोडा मागे परतवते आणि विकृत करते. वीजनियंत्रकाचेही तसेच आहे: 1.25 व्होल्टवर 200 वॅट घेणाऱ्या प्रोसेसरला 160 अँपिअर प्रवाह लागतो, आणि एवढा प्रवाह लांबून आणला तर वाटेतच बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते.

भौतिकशास्त्राने आखलेल्या या मर्यादेतही वाट निघते, हे कॅम 2 या रॅमच्या नव्या प्रकाराने दाखवले आहे. जेडेक या प्रमाणक संस्थेने डिसेंबर 2023 मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात रॅमची पट्टी उभ्या खाचेत न खोचता बोर्डावर आडवी ठेवून स्क्रूंनी दाबून बसवतात, त्यामुळे संकेताचा मार्ग आखूड होतो आणि रॅम बदलण्याची सोयही राहते.

केबलींच्या जंजाळावरचा उपाय आज दुकानात मिळू लागला आहे. असूस, एमएसआय आणि गिगाबाइट यांनी विजेच्या व इतर केबलींच्या जोडण्या बोर्डाच्या पाठीमागे नेलेले नमुने बाजारात आणले असून दर्शनी बाजू त्यामुळे मोकळी राहते, पंख्यांच्या वाऱ्याला अडथळा कमी होतो आणि धूळ पुसणेही सोपे जाते. असा बोर्ड घेऊ इच्छिणाऱ्याने कॅबिनेट आधी ठरवावे, कारण त्याच्या आतल्या पत्र्याला योग्य जागी छिद्रे नसतील तर हा बोर्ड त्यात बसवता येत नाही.