निळ्या काशीची भूमिती

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावांत आज नवी मशीद उभी राहते तेव्हा मेहराबच्या भिंतीला बहुधा मोरबीहून आलेल्या चकचकीत टाइल्स लागतात. त्यांवर आठ टोकांचा तारा छापलेला असतो. तरावीहसाठी सफ लावून उभे राहणाऱ्यांच्या समोर तो महिनाभर असतो. हा तारा आला कुठून, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

मशिदीत सजीवांची चित्रे नकोत, हा दंडक हदीसच्या परंपरेतला. मग कारागिरांच्या हाती तीन गोष्टी उरल्या: अक्षर, वेलबुट्टी आणि भूमिती. भूमितीला लागे फक्त कंपास आणि पट्टी. वर्तुळ काढा आणि कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होतात. त्या एकाआड एक जोडल्या की दोन त्रिकोणांचा सहा टोकांचा तारा तयार. यंत्रपूजेतला षट्कोन तो हाच. दोन चौरस एकमेकांवर तिरपे ठेवले की आठ टोकांचा तारा होतो, आणि असे तारे टोकाला टोक लावून मांडले की मधल्या जागेत आपोआप फुली उमटते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या कामाला गणिताचा आधार होता. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा अल-बूजजानी या गणितज्ञाने खास कारागिरांसाठी भूमितीचे पुस्तक लिहिले. त्यातला एक प्रश्न गमतीचा आहे: तीन सारख्या चौरसांचा एकच मोठा चौरस कसा करायचा? कारागीर अंदाजाने कापत, ते डोळ्याला बरोबर दिसे पण हिशेबाला चुके. पंडितांना सिद्धता येई, पण फरशी कापता येत नसे. अबुल वफाने दोघांचेही कान धरले. त्याची रीत अशी: एक चौरस मध्ये अख्खा ठेवा. उरलेले दोन कर्णावर कापा. ते चार त्रिकोण मधल्या चौरसाच्या चार बाजूंना भिंगरीच्या पात्यांसारखे लावा. त्यांचे काटकोनी कोपरे रेषेने जोडा आणि रेषेबाहेर आलेली टोके कापून आतल्या फटींत बसवा. घरी कागद कापून करून पाहण्याजोगे आहे, मुलांना तर जरूर द्यावे.

या फरशीकामाला फारसीत काशी म्हणतात. आपल्याला हा शब्द ऐकताच गंगाकाठ आठवेल, पण तो इराणातल्या काशान शहरावरून आला आहे. कोबाल्टमुळे गडद निळा, तांब्यामुळे फिरोजी, कथिलामुळे पांढरा रंग येतो. उत्तम कामात प्रत्येक रंगाची फरशी वेगळी भाजत, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. मग छिन्नीने बारीक तुकडे करून ते नक्षीबरहुकूम जुळवायचे.

ही कला बहमनी काळात दख्खनमध्ये आली. दौलताबादचा चांद मिनार एके काळी इराणी फरशांनी मढवलेला होता. त्याच किल्ल्यात, गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसन तानाशाहाला जिथे कैदेत ठेवले, त्या चिनी महालाचे नावही निळ्या चिनी फरशांवरूनच पडले. आज दोन्ही ठिकाणी थोडेच तुकडे उरले आहेत. हैदराबादच्या बादशाही आशुरखान्याच्या फरशांना 1908 च्या मुसी नदीच्या पुराने झोडपले. इराणच्या कोरड्या हवेत शतके टिकणारे हे काम आपल्या पावसाळ्यात चुन्यासकट सुटते, हे एक कारण. पण दुर्लक्षाचा वाटाही लहान नाही. जुनी भिंत डागडुजीला काढली की पोपडे आलेली नक्षी खरवडून गुळगुळीत करण्याचीच आपल्याला घाई.

ही आकृती म्हणजे तौहीदचे, एका ईश्वराचे प्रतीक, असे बरीच पुस्तके सांगतात. एका बिंदूतून सारे निघते आणि नक्षी चौकटीपाशी संपत नाही, तिथे फक्त कापली जाते. अर्थ सुंदर आहे, पण तो पाहणाऱ्यांचा. कारागिरांनी आपला अर्थ लिहून ठेवलेला नाही, त्यांनी काम ठेवले.

ते पाहायचे तर बिदरला. 1956 पर्यंत परभणी आणि बिदर हैदराबादच्याच मुलखातले जिल्हे होते. गीलानहून आलेला बहमनी वजीर महमूद गवान याने 1472 मध्ये तिथे तीन मजली मदरसा पुरा केला. ग्रंथालयात सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती म्हणतात. नऊ वर्षांनी बनावट पत्राच्या आरोपावरून सुलतानाने त्यालाच ठार करवले. 1696 मध्ये दारूच्या स्फोटात इमारतीचा एक भाग आणि दोनपैकी एक मिनार उडाला. उरलेल्या मिनारावर रंगीत फरशांचे नागमोडी पट्टे अजून आहेत, आणि दर्शनी भिंतीवर कुराणातील आयतींची पट्टी.

परभणीहून परळी, उदगीरमार्गे बिदरला रेल्वे जाते. ईदच्या सुट्टीत जाणार असाल तर सकाळीच पोहोचा. मदरशाचे तोंड पूर्वेला आहे. उरलेला निळा रंग कोवळ्या उन्हात उठून दिसतो, दुपारनंतर भिंत सावलीत जाते.