रेडिओ उपाशी राहतो तेव्हा

टर्मिनलवर एकामागून एक ‘यू’ उमटू लागले की समजावं, रेडिओ उपाशी आहे. यूएसआरपी बी२१० हा सॉफ्टवेअर रेडिओ अशी तक्रार करतो: सॅम्पल हवेत सोडायची वेळ झाली, पण संगणकाकडून ते आलंच नाही.

मी अँटेना लावत नाही. हवेत काही सोडायचं तर परवाना हवा. त्यामुळे ३० डेसिबलचा अटेन्युएटर घालून केबल थेट रिसीव्हरला. दर सेकंदाला २ कोटी सॅम्पल. एकेक सॅम्पल ४ बाइटचं, म्हणजे सेकंदाला ८० मेगाबाइट. यूएसबी ३ ला हे झेपतं, पण मागे एखादं अपडेट सुरू झालं की ‘यू’ आलाच. त्याच क्षणी स्पेक्ट्रमवरची सुबक रेघ दोन्ही बाजूंना फिसकटते, कारण लहर मध्येच तुटलेली असते.

अशा वेळी नवखे लोक ग्नू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये ‘थ्रॉटल’ ब्लॉक घालतात. तो घालूच नये. रेडिओ जोडलेला नसताना प्रोग्रामने अख्खा प्रोसेसर खाऊ नये, एवढ्यासाठीच तो आहे. त्याचा वेग संगणकाच्या घड्याळावर, रेडिओचा स्वतःच्या क्रिस्टलवर. दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जात्यात धान्य वैरायचं ते जातं ओढेल तसं. इथेही तसंच: बफर, म्हणजे ब्लॉकांमधली सॅम्पलची साठवण, भरला की शेवटचा ब्लॉक थांबतो, मग त्याच्या आधीचा, आणि थांबणं उलट सरकत पार उगमापर्यंत जातं. वेगळा लगाम लागतच नाही.

मग बफर मोठे ठेवून निवांत बसावं? मोर्सची की दाबून पाहा. सॅम्पलचा दर सेकंदाला अडीच लाखांवर आणला, तर ८१९२ सॅम्पलचा एक भरलेला बफर म्हणजे ३३ मिलिसेकंद. असे पाच ओळीने लागले की बोट उचलल्यावरही सूर सेकंदाचा सहावा हिस्सा रेंगाळतो. हाताची लयच बिघडते. बफर १०२४ वर आणला की प्रत्येकी ४ मिलिसेकंद. त्याहून आखडला की ‘यू’ परत हजर. संदेश तुटक असेल तर त्याच्या शेवटच्या सॅम्पलवर समाप्तीची खूण लावावी. मग नंतरच्या शांततेला रेडिओ उपासमार समजत नाही.

‘यू’ दिसला की बफरला हात लावण्याआधी दर तपासा. मोर्सला २ कोटी सॅम्पल लागत नाहीत.