बेटावरचा गुप्तहेर कोण?

रात्रीची जेवणे आटोपली की आमच्या घरातल्या तीन पिढ्या टीव्हीसमोर बसतात. पडद्यावर निळा समुद्र, नारळाची झाडे आणि दुसऱ्याच मिनिटाला एक प्रेत! मग अंदाज सुरू होतात. आजी मराठीत विचारतात, नातवंडे क्रियोलमध्ये उत्तर देतात, आणि खुनी कोण हे बहुधा आजीच आधी ओळखतात.

ही मालिका म्हणजे 'डेथ इन पॅराडाइज'. रॉबर्ट थोरोगुड यांनी ती निर्माण केली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये बी.बी.सी.वर ती सुरू झाली. कथा घडते कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मरी नावाच्या बेटावर. हे बेट नकाशात शोधू नका, सापडणार नाही. ते काल्पनिक आहे. चित्रीकरण मात्र ग्वादलूप या खऱ्या बेटावर, देशे नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात होते.

प्रत्येक भागाचा साचा ठरलेला. खून होतो. संशयित चार-पाच. प्रत्येकाकडे आपण तेथे नव्हतो याचा पक्का पुरावा. ब्रिटनहून आलेला इन्स्पेक्टर डोके खाजवतो, एखादी क्षुल्लक गोष्ट पाहून एकदम थबकतो, आणि सर्वांना एका खोलीत जमवून उलगडा करतो. पहिला इन्स्पेक्टर रिचर्ड पूल तर त्या उन्हात लोकरी सूट घालून फिरे आणि चांगला चहा मिळत नाही म्हणून कुरकुर करी. त्याच्या झोपडीत हॅरी नावाचा हिरवा सरडा राहतो. इन्स्पेक्टर बदलले तरी सरडा आपली जागा सोडत नाही!

वाचकहो, ही मालिका आपल्याला इतकी जवळची का वाटते? सेंट मरीचा इतिहास पाहा. ते बेट कधी फ्रेंचांकडे, कधी इंग्रजांकडे. कारभार इंग्रजी, पण जिभेवर फ्रेंच आणि क्रियोल. आपल्या मॉरिशसवर १७१५ पासून फ्रेंचांचे राज्य होते. १८१० मध्ये इंग्रज आले आणि १९६८ मध्ये आपण स्वतंत्र झालो. आजही आपला फौजदारी कायदा मुळात फ्रेंच वळणाचा आणि खटला चालवण्याची रीत इंग्रजी.

नाते याहूनही खोल आहे. ज्या ग्वादलूपवर ही मालिका चित्रित होते, तेथेही आपल्यासारखेच गिरमिटिये गेले. डिसेंबर १८५४ मध्ये 'ओरेली' नावाचे जहाज भारतीय मजूर घेऊन तेथे पोहोचले. पुढच्या पस्तीस वर्षांत सुमारे ४२,००० भारतीय त्या बेटावर उतरले. त्यांत बहुतेक दक्षिणेकडचे. ऊस तोच, ऊन तेच. त्यांच्या वंशजांना फ्रेंच नागरिकाचे हक्क मिळावेत म्हणून आंरी सिदांबारोम यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. मालिकेतल्या पोलिसांच्या कायमच्या तुकडीत मात्र भारतीय वंशाचा कुणी आम्हाला दिसला नाही.

आता आमच्या मनात सलणारा प्रश्न. बेटावर हुशार पोलीस आहेत. पहिल्या भागांतली कामीय बोर्दे माणसे ओळखण्यात तरबेज. ड्वेन मायर्सला बेटावरची प्रत्येक कुजबुज ठाऊक. कमिशनर पॅटरसन तर एका नजरेत समोरच्याला गप्प करतात. तरी २०११ पासून मुख्य इन्स्पेक्टर पाच झाले आणि पाचही ब्रिटनहून आलेले. घरच्या चावीला घरचे कुलूप लागत नाही, असे का?

या कल्पनेचे मूळ एका खऱ्या घटनेत आहे. मार्च २००७ मध्ये जमैकात क्रिकेटचा विश्वचषक चालू होता. आयर्लंडकडून पाकिस्तान हरले आणि दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध आढळले आणि रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आले. हे वूल्मर इंग्लंडकडून खेळलेले, पण जन्म कानपूरचा. जमैकाच्या पोलिसांत त्या वेळी लंडनच्या स्कॉटलंड यार्डमधून आलेला एक अधिकारी उपायुक्त होता. इंग्रज पोलीस आणि उष्ण बेटावरचा मृत्यू, ही बातमी वाचून थोरोगुड यांना मालिका सुचली.

पण खरी घटना मालिकेसारखी तासाभरात सुटली नाही. आधी जाहीर झाले की गळा दाबून खून झाला. पाकिस्तानी खेळाडूंच्या बोटांचे ठसे घेतले गेले. जगभर तर्ककुतर्कांना ऊत आला. मग परदेशी तज्ज्ञांनी शवचिकित्सेचे निष्कर्ष पुन्हा तपासले आणि जूनमध्ये पोलिसांनी सांगितले की मृत्यू नैसर्गिक होता. नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने मात्र ठाम निर्णय देण्याचे टाळले. तीन महिने निष्पाप खेळाडूंवर संशयाची सावली राहिली, ती कोणत्या खोलीत सर्वांना जमवून पुसणार?

यावरून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली, बाहेरची मदत घेण्यात कमीपणा नाही. आपल्या देशातले अखेरचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते, आणि २००८ मध्ये त्या न्यायाधीशांनी पोर्ट लुईत येऊनही कामकाज चालवले. दुसरी, मदत घेतली तरी आपले डोळे मिटून चालत नाही. मालिकेतसुद्धा साहेबाला सुगावा लागतो तो बहुधा बेटावरच्या माणसाच्या बोलण्यातून. कोण कुणाचा मेव्हणा, कुणाचे कुणाशी बिनसले, हे लंडनच्या दप्तरात लिहिलेले नसते.

२०२४ च्या अखेरीस मालिकेत पाचवा इन्स्पेक्टर आला, मर्विन विल्सन. तोही लंडनचाच, पण कृष्णवर्णीय. आणि तो बेटावर येतो ते आपल्या जन्मदात्या आईचा शोध घेत. येथे आम्ही क्षणभर पडदा विसरलो. असा शोध आपल्या कितीतरी कुटुंबांत चालू नाही का?

१८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर या बेटावर आले. त्यांची दप्तरे मोका येथे महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. जहाजाचे नाव, मजुराचा क्रमांक, वय, बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण आणि पुढच्या काळातल्या कित्येकांचे छायाचित्रसुद्धा. पण कारकुनाने नावे कानाला आली तशी लिहिली. रत्नागिरीचे, सावंतवाडीचे गाव ओळखू येणार नाही अशा अक्षरांत दडून बसले आहे. जन्माचे आणि लग्नाचे दाखले एकामागून एक लावत मागे जावे लागते. एक अक्षर चुकले तर दुसऱ्याच्याच पणजोबांच्या दारात जाऊन उभे राहाल!

हा तपास लंडनचा कोणताही इन्स्पेक्टर करू शकणार नाही. 'आमची आजी अमुक देवीचे नाव घ्यायची', 'आजोबा अमुक नदीचे सांगायचे', असले धागे फक्त आपल्या घरातच आहेत. आणि साक्षीदार थकत चालले आहेत.

गणेश चतुर्थीला सारे कुटुंब एका छताखाली जमतेच. आरती झाली, मोदक खाऊन झाले की घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा. प्रश्न विचारा आणि उत्तर जसेच्या तसे उतरवून घ्या. आमच्या आजींना आम्ही परवाच विचारले. खुनी चटकन ओळखणाऱ्या आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी एका गावाचे नाव सांगितले. आम्ही ते लिहून घेतले आहे. आता मोक्याला जायचे आहे.