चाकांवरच्या घरात चौघांचा संसार

अमेरिकेतील चाकांवरच्या घरांचे व्हिडिओ आपल्याकडे मुले मोबाईलवर हौसेने पाहतात. ट्रेलरवर बांधलेले लाकडी घर, उतरते छप्पर, खिडकीला पडदे, पुढे ओढायला ट्रक. आम्हाला मात्र ते पाहताना पहिला प्रश्न पडतो तो असा की यात आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुले बारा महिने राहतात कशी?

1999च्या सुमारास जे शेफर यांनी शंभर चौरस फुटांच्या आतले असे घर बांधले आणि ही कल्पना लोकांपर्यंत पोहोचली. ते घर एकट्या माणसाचे होते. कुटुंबाचे गणित वेगळे. विशेष परवाना न काढता रस्त्यावरून न्यायचे तर घराची रुंदी साधारण साडेआठ फूट आणि उंची अनेक राज्यांत साडेतेरा फूट, तीही चाकांसकट. भिंतींची जाडी वजा केली की आत उरतात जेमतेम साडेसात फूट. रुंदी वाढत नाही म्हणून लांबी वाढवायची. तीस फुटांचे घर घेतले तर सव्वादोनशे चौरस फूट होतात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सुरुवातीला मिळणारी घरे नेमकी एवढीच होती! तेव्हा एवढ्या जागेतला संसार आपल्याला काही नवलाचा नाही.

खरी करामत उंचीत आहे. दोन टोकांना दोन पोटमाळे, एक आई-वडिलांचा, एक मुलांचा. मध्ये ओटा आणि बैठक. जिन्याच्या प्रत्येक पायरीखाली खण, बाकाखाली पेटी, भिंतीला दुमडणारे टेबल. पण पोटमाळ्यावर ताठ उभे राहता येत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीने रात्री उठून खाली यायचे कसे? म्हणून काही घरांत ट्रेलरचा पुढचा भाग ट्रकच्या मागच्या हौद्यावर उचललेला असतो. तिथे दोन-चार पायऱ्या चढून जायची आणि दार लावता येणारी खोली निघते. वयात येणाऱ्या मुलीसाठी हे दार फार मोलाचे. आमच्या मते घर निवडताना ओट्याच्या फरशीआधी हेच पाहावे. पोटमाळ्याला माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी हवी, कारण स्वयंपाकघर खालीच असते आणि आग लागली तर धूर आधी वर जातो.

वजनही थोडेथोडके नसते. कुटुंबाचे घर सहा-सात टनांपर्यंत सहज जाते आणि साध्या मोटारीने हलत नाही. जड सामान एकाच बाजूला किंवा मागच्या टोकाला ठेवले तर रस्त्यावर ट्रेलर डोलू लागतो. त्यामुळे कपाटे कुठे बसवायची हे ट्रेलरची चौकट पाहून आधीच ठरवावे लागते.

एवढे करूनही घर उभे कुठे करायचे हा पेच उरतोच. अनेक गावांच्या नियमांत ते घर नसून वाहन ठरते. स्वतःच्या जमिनीवरही त्यात कायम राहायला परवानगी मिळेलच असे नाही, आणि बँका गृहकर्ज द्यायला सहसा राजी नसतात. मग नातेवाइकांच्या परसात किंवा भाड्याच्या तळावर मुक्काम करावा लागतो. तळ बदलला की मुलांची शाळाही बदलू शकते.